शंभराव्या पानावर अडलेली कादंबरी

प्रश्न : ताई, सलमान रश्दींची 'द सटॅनिक व्हर्सेस' तीनदा हातात घेतली आणि तिन्ही वेळा शंभरीच्या आसपास सोडली. आधी विमानातून पडणारी माणसं, मग अचानक वाळवंटातलं शहर, कशाचा कशाला मेळ नाही. शिवाय मी श्रद्धाळू. नेटाने वाचू की ठेवून देऊ?

उत्तर : मीही तिथेच अडले होते. १९८८च्या ऑक्टोबरात आपल्याकडे तिच्या आयातीवर बंदी आली. माझ्या हाती लागलेली प्रत मैत्रिणीची, वर्तमानपत्राचं कव्हर घातलेली, महिन्याभरात परत करायच्या बोलीवर. दुसऱ्या खेपेला अनुक्रमणिका वहीत उतरवून घेतली आणि गुंता सुटला. भाग नऊ. विषम भागांत जिब्रील फरिश्ता आणि सलादिन चमचा या दोन नटांची मुंबई-लंडनची गोष्ट, सम भागांत जिब्रीलची स्वप्नं. तुमचं वाळवंट म्हणजे दुसरा भाग. तो सोडा, सरळ तिसरा उघडा.

'चमचा'तली खोच इंग्रज वाचकाला समजावून द्यावी लागते, आपल्याला नाही. हा मूळचा सलाहुद्दीन चमचावाला, साहेब होण्यापायी नावाची शेपटी छाटून बसलेला. लंडनात जाहिरातींना आवाज देतो. तिथे त्याचा आवाज खपतो, चेहरा नाही. विमानातून पडून वाचतो तर डोक्याला शिंगं फुटतात, पायांना खूर येतात. पोलीस गाडीत घालून बडवतात. मग रुग्णालयात त्याला आणखी अशीच जनावरं झालेली परकी माणसं भेटतात. हे झालं कसं, असं विचारल्यावर वाघाच्या तोंडाचा एक जण सांगतो : ते आपलं वर्णन करतात, आणि आपण त्या वर्णनासारखे होतो. त्या पानावर मी बराच वेळ थांबले होते.

आता श्रद्धेचं. जिब्रील पडद्यावर देव साकारणारा नट. मोठ्या आजारपणात हाका मारमारून उत्तर आलं नाही, तेव्हा त्याची श्रद्धा गेली. स्वप्नं पडतात ती यालाच. तो झोपायलाही घाबरतो. तरी दुसरा आणि सहावा भाग बोचणारच, कारण त्यांत इस्लामच्या आरंभाची गोष्ट स्वप्नात उलटसुलट होऊन येते. 'स्वप्नच तर आहे' म्हटल्याने बोच जात नाही, आणि सहाव्यातली थट्टा लेखकाला जरा जास्तच आवडलीय असं माझं मत. चौथा आणि आठवा मात्र श्रद्धाळू माणसाने वाचावेतच. फुलपाखरांनी वेढलेल्या आयेशा नावाच्या मुलीमागून अख्खं गाव मक्केला पायी निघतं, अरबी समुद्र दुभंगून वाट देईल या भरवशावर. गावचा जमीनदार मिर्झा सईद मोटारीतून मागे मागे, बायकोची विनवणी करत. कर्करोग झालेली ती चालतच राहते. बचावलेले सांगतात, समुद्र उघडला. सईदला तो दिसला नव्हता. लेखक कोणाच्या बाजूने, हे मला अजून ठरवता आलेलं नाही.

तिसऱ्या भागातही जीव रमला नाही, तर खुशाल ठेवून द्या. तेवढा नववा वाचून ठेवा : चमचा मुंबईत मरणाला टेकलेल्या बापाजवळ परत येतो आणि तिथे पुन्हा सलाहुद्दीन होतो.