रोज तीन नोंदी, प्रत्येकीपुढे 'का'

नोकरी गेली असेल किंवा मोठं आजारपण नुकतंच सरलं असेल, तर लगेच 'पॉझिटिव्ह विचार' करायला बसू नका. मन ते मानतच नाही. आधी एक वही घ्या. झोपण्यापूर्वी दहा मिनिटं, त्या दिवशी बऱ्या झालेल्या तीन गोष्टी लिहा आणि प्रत्येकीपुढे ती का घडली तेही. अमेरिकन मानसशास्त्रज्ञ मार्टिन सेलिगमन आणि सहकाऱ्यांनी २००५ मध्ये हाच सराव लोकांकडून आठवडाभर करून घेऊन तपासला होता. बहुतेकांचं गाडं 'का'पाशी अडतं. 'भाजी छान झाली' एवढ्यावर थांबू नका. 'उठून बाजारात गेले, ताजी मेथी निवडून आणली, म्हणून' असं लिहा. आपल्या हातून काही होतंय, हे त्या उत्तरातच दिसतं. मोघम नोंदींचा चार दिवसांत कंटाळा येतो.

'माझं नेहमी असंच होतं' असं मनात आलं, की 'नेहमी' खोडा आणि नेमकं लिहा: 'या महिन्यात दोन मुलाखती फसल्या.' रडू आलं तर रडा, दाबू नका. पण दोन आठवडे झोप उडाली असेल, कशातच रस वाटत नसेल, तर नुसत्या वहीवर विसंबू नका. डॉक्टरांना भेटा किंवा टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या १४४१६ वर फोन करा. मोफत आहे, मराठीतही बोलता येतं. जिवाचं बरंवाईट करावंसं वाटलं, तर दोन आठवडेही थांबू नका.