वाचक विचारतात : लाखेच्या तबकड्या आणि विस्मृतीत गेलेले बँड

प्रश्न : आमच्या वाड्याच्या माळ्यावर ट्रंकेत जाड, जड जुन्या रेकॉर्ड सापडल्या. त्यांवर बुरशीचे पांढरे डाग आहेत. स्पिरिटने पुसल्या तर निघतील का?
– एक वाचक, पंचवटी

उत्तर : स्पिरिटला हात लावू नका! 78 गतीच्या (मिनिटाला 78 फेरे घेणाऱ्या) या तबकड्या लाखेच्या असतात आणि लाख अल्कोहोलमध्ये विरघळते. बोळा एकदा फिरला तरी खाचा बोथट होतात, आणि मग ते गाणं परत मिळत नाही. स्पिरिटचा सल्ला देणाऱ्यांच्या मनात नंतरच्या व्हिनाइलच्या, म्हणजे प्लास्टिकच्या, एलपी (33 गतीच्या मोठ्या तबकड्या) असतात. व्हिनाइलला चार भाग डिस्टिल्ड वॉटरमध्ये एक भाग आयसोप्रोपिल अल्कोहोल चालतं, लाखेला थेंबभरही नाही.

आधी नाकाला मास्क बांधा आणि अंगणात कोरड्या मऊ ब्रशने बुरशी झटका. मग एक लिटर डिस्टिल्ड वॉटरमध्ये भांड्यांच्या सौम्य लिक्विड सोपचे दोन-तीन थेंब टाका. नळाचं पाणी नको, त्यातले क्षार खाचेत बसतात. ब्रश बुडवून निथळून घ्या आणि खाचांच्या दिशेने गोल फिरवा, आडवा कधीच नाही. लगेच दुसरा हात साध्या डिस्टिल्ड पाण्याचा. मायक्रोफायबरने टिपा आणि तबकडी ताटाळ्यात सावलीत उभी ठेवा. लेबल कोरडंच राहू द्या. तबकडी बादलीत मात्र बुडवू नका. काही तबकड्यांच्या पोटात कागदाचा थर असतो. कडेला तडा असेल तर तिथून पाणी शिरून तो फुगतो.

हे काम ऐन पावसाळ्यात काढू नका. नाशिकच्या श्रावणातल्या दमटपणात तबकडी नीट वाळत नाही आणि बुरशी पुन्हा धरते. नंतर ती ट्रंक पत्र्याखालच्या माळ्यावर परत ठेवू नका, मे महिन्यात तिथे तबकड्या वाकतात. नव्या कागदी पाकिटात घालून, उभ्या, एकमेकींना टेकवून कपाटात ठेवा.

प्रश्न : माझ्या टर्नटेबलला 33 आणि 45 एवढ्याच गती आहेत. 78ची गाणी संगणकावर घेता येतील का?
– सिडको, नाशिक

उत्तर : येतील, पण आधी सुई बदला. एलपीच्या सुईचं टोक साधारण 18 मायक्रॉनचं असतं. 78ची खाच त्याहून कितीतरी रुंद, त्यामुळे ही सुई थेट तळाशी, कचऱ्यात जाऊन घासते. खरखर येते ती बहुतेक तिथूनच. तुमच्या कार्ट्रिजसाठी (सुई जिच्यात बसते त्या डबीसाठी) 78ची, 3 मिल म्हणजे सुमारे 75 मायक्रॉनची सुई मागवा. सुईचा तबकडीवरचा भार सुईसोबतच्या कागदाप्रमाणे लावा, बहुधा 3 ते 5 ग्रॅम.

तबकडी 45वर वाजवा आणि 24 बिटवर ध्वनिमुद्रण करा. पातळी शिखराला उणे 6 डेसिबलच्या खालीच राहू द्या, कारण तबकडीवरचा एखादा टिचका गाण्याहून मोठा निघतो. ऑडॅसिटी या ध्वनिसंपादनाच्या प्रोग्रॅममध्ये ‘चेंज स्पीड’मध्ये 45वरून 78 निवडा, म्हणजे वेग 73.3 टक्क्यांनी वाढेल. ‘चेंज टेम्पो’ घेऊ नका, त्यात लय वाढते पण सूर खालीच राहतो. फोनो प्रीअँप (टर्नटेबलचा क्षीण आवाज वाढवणारं यंत्र) एलपीसाठी ठरलेल्या वक्राने खर्ज-तार स्वरांची पातळी बदलतं. ही आरआयएए दुरुस्ती इथे चुकीच्या गतीला लागलेली असते. वेग बदलण्याआधी तोच वक्र उलटा लावून ती काढून टाका. शेवटी दोन्ही चॅनल मिळवून मोनो करा. वर-खाली हलणाऱ्या सुईचा बराच गोंगाट तिथेच कटतो.

खरखर काढण्याचा मोह आवरा. फिल्टर जोरात लावला की खरखरीबरोबर गायिकेचा श्वास आणि सारंगीची धारही जाते. मूळ मुद्रण फ्लॅकमध्ये (आवाजातलं काही न गाळणाऱ्या फाइल-प्रकारात) जसंच्या तसं ठेवा, साफसफाई प्रतीवर करा. फाइलच्या नावात लेबलवरचा क्रमांक आणि लेबलाजवळच्या मोकळ्या पट्टीत कोरलेला मॅट्रिक्स क्रमांक (त्या मुद्रणाचा साच्यावरचा क्रमांक) घाला.

प्रश्न : लेबलवर गायिकेचं नाव भलतंच आहे. रेकॉर्ड नकली समजायची का?
– देवळाली कॅम्प

उत्तर : नाही. त्या काळी लेबलवर पात्राचं नाव छापायची पद्धत होती. ‘महल’ (1949) मधल्या ‘आएगा आनेवाला’च्या तबकडीवर लता मंगेशकरांऐवजी ‘कामिनी’ हे नाव होतं. खातरजमेसाठी हरमंदिर सिंह ‘हमराज़’ यांचा ‘हिंदी फ़िल्म गीत कोश’ पाहा, तो दशकवार आहे. गाणं सिनेमातल्यापेक्षा छोटं वाटलं तरी बुचकळ्यात पडू नका. दहा इंची तबकडीच्या एका बाजूला सव्वातीन मिनिटांच्या आसपासच मावतं, म्हणून एखादं कडवं गाळलेलं असतं.

प्रश्न : जुन्या पार्टी गाण्यांतली ती गुरगुरणारी फझ गिटार फार आवडते. तसं वाजवणारे आपल्याकडचे बँड होते का?
– एक विद्यार्थिनी, कॉलेज रोड

उत्तर : होते, आणि उत्तम होते. ‘गुमनाम’ (1965) मध्ये पडद्यावर दिसणारा ‘टेड लायन्स अँड हिज कब्ज’ हा मुंबईचा खराखुरा बँड. पण तुम्ही सुरुवात ‘सिमला बीट’च्या 1970 आणि 1971च्या दोन एलपींपासून करा. इम्पीरियल टोबॅकोने आपल्या सिमला सिगारेटच्या जाहिरातीसाठी देशभरच्या बँडची स्पर्धा भरवली, त्यातून या निघाल्या. मद्रासचे कन्फ्यूजन्स आणि शिलाँगचे फेंटोन्स त्यांत ऐकायला मिळतात. मुंबईच्या ‘अ‍ॅटॉमिक फॉरेस्ट’चं ‘ऑब्सेशन 77’ लॉस एंजेलिसच्या नाऊ-अगेन या रेकॉर्ड कंपनीने नव्याने काढलं आहे. सतारीसह हवं असेल तर आनंद शंकर यांची 1970ची रिप्राइज कंपनीची एलपी ऐका.

मूळ प्रती दुर्मीळ आणि महाग आहेत. नव्याने काढलेली प्रत घेताना मागच्या बाजूला परवान्याची ओळ आहे का ते बघा. ती नसेल, मूळ टेपचा उल्लेख नसेल आणि आवाजात टिचके येत असतील, तर ती दुसऱ्या रेकॉर्डवरून उतरवलेली चोरटी प्रत समजा. तिच्यावर पैसे घालवू नका.

प्रश्न : चावीच्या ग्रामोफोनवर एलपी लावली तर चालेल का?
– नाशिक रोड

उत्तर : नाही. त्याचा साउंडबॉक्स (सुई धरणारी आवाजाची डबी) शंभर ग्रॅमहून जड असतो, त्यातली पोलादी सुई व्हिनाइल एका फेरीत खरवडून काढते. त्यावर फक्त 78च्या, आणि दर बाजूला सुई नवी.