हेडसेट कुणाच्या डोक्याला?

प्रश्न : आमच्या गावात एका स्पोकन इंग्लिश क्लासने व्हीआर हेडसेट (डोळ्यांवर चढवला की समोर आभासी जग दिसतं, ते यंत्र) आणलेत. मुलगी इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला आहे. पेपर उत्तम लिहिते, पण मुलाखत म्हटलं की दातखीळ बसते. मुलगा तिसरीत. पत्नी दहावी शिकलेली, तिला मुलाच्या शाळेतल्या बाईंशी इंग्रजीत बोलायचंय. क्लासवाले म्हणतात, 'व्हिज्युअल लर्नर' असेल तर हमखास फरक पडतो. तिघांनाही घालू का?
– एक वाचक, इचलकरंजी

उत्तर : मुलीला घाला. बाकी दोघांचे पैसे वाचवा.

आधी ते 'व्हिज्युअल लर्नर' प्रकरण मिटवू. कुणी बघून शिकतो, कुणी ऐकून, अशी वर्गवारी करून शिकवलं तर जास्त येतं, याला पुरेसा पुरावा नाही, असं मानसशास्त्रज्ञ हॅरल्ड पाश्लर आणि सहकाऱ्यांनी 2008मध्येच आधीचं संशोधन तपासून सांगितलंय. क्लासच्या पत्रकांवरून ते काही हटत नाही. मी एवढंच बघते : शिकणाऱ्याजवळ वाक्यच नाही, की वाक्य आहे पण तोंडातून निघत नाही?

तुमची मुलगी दुसऱ्या गटातली. तिला धास्ती समोरच्या माणसांची आहे, आणि हेडसेटमध्ये तीच माणसं खोटीखोटी भेटतात. माझ्या वर्गातली एक मुलगी अशा पॅनेलसमोर बसली होती. चित्रातला साहेब 'टेल मी अबाउट युअरसेल्फ' म्हणाला, तशी ही ओढणी सारखी करून ताठ बसली! पाठ केलेलं घडाघड म्हणून झालं. मग त्याने प्रोजेक्टबद्दल विचारलं आणि गाडी अडली. अडू दे की. इथे अडल्याने नोकरी हुकत नाही, आणि तोच साहेब तोच प्रश्न न कंटाळता पुन्हा विचारतो.

मात्र कित्येक ॲपमध्ये डोळ्यांसमोर दोन-तीन तयार उत्तरं झळकतात, त्यातलं एक मोठ्याने म्हणायचं. ते वाचन झालं, आणि वाचता तर तिला येतंच. मनाने बोलू देणारं ॲप आहे का, आणि हेडसेट उतरवल्यावर कुणी हाडामांसाचा शिक्षक तिच्याशी बोलतो का, हे विचारा.

वहिनींकडे वाक्यांचीच वानवा. 'डबा संपवत नाही, हे कसं म्हणू?' असं त्यांना मध्येच मराठीत विचारता आलं पाहिजे. हेडसेटमधली रिसेप्शनिस्ट 'सॉरी, आय डिडन्ट गेट दॅट' म्हणत बसेल. त्यांची शिकवणी लेकीकडेच लावा, स्वयंपाक करता करता. शिकवायच्या निमित्ताने लेकही बोलेल.

मुलगा फारच लहान. मेटा कंपनीने आपल्या हेडसेटसाठी आधी किमान 13 वर्षांची अट ठेवली होती, 2023मध्ये पालकांच्या देखरेखीखाली ती 10वर आणली. तिसरीतलं पोर त्यातही बसत नाही. त्याला इंग्रजी गोष्टी वाचून दाखवा, पुरे.

फी भरण्याआधी मुलीला एकदा हेडसेट घालून बघू द्या. डोळ्यांना हालचाल दिसते, पण कानातला तोल सांभाळणारा भाग म्हणतो आपण बसलोय. या ओढाताणीत काहींना मळमळतं. बसल्या जागी बोलायचे प्रसंग निवडले की त्रास कमी होतो. चष्मा असेल तर तो आत मावतो का पाहा. आणि एकाच हेडसेटमध्ये दिवसभर सगळ्यांचे घामेजले चेहरे जातात, तेव्हा मधल्या वेळेत कुणी आतली गादी पुसतं का, तेही क्लासच्या दारात उभं राहून बघा. पावसाळ्यात डोळ्यांची साथ आली की घरोघरी पसरते.