घरातल्या पोपटासाठी तापमान किती ठेवावं? एसी आणि हीटर लावलेला चालतो का?

एसी चालतो, हीटरही चालतो, पण दोन्हींना अटी आहेत. आणि पिंजरा खोलीत नेमका कुठे आहे हे तुम्ही लिहिलेलं नाही. निम्मं उत्तर त्यावरच अवलंबून आहे.

आकडा आधी सांगून टाकते. धडधाकट, पूर्ण वाढलेल्या पोपटाला साधारण १८ ते २७ अंश सेल्सिअस मानवतं. थोडं खाली-वर झालं म्हणून लगेच काही बिघडत नाही. ऋतू हळूहळू बदलतो तसा तोही जुळवून घेतो. त्याला बाधतो तो एकाएकी झालेला बदल. दिवसभर ३२ अंशांत बसलेल्या पक्ष्यावर संध्याकाळी १८ वर लावलेल्या एसीचा झोत सोडायचा नाही. २५-२६ वर लावा आणि झोत पिंजऱ्यावरून जात नाही ना ते बघा. त्यासाठी टिश्यू पेपरची एक पातळ पट्टी पिंजऱ्याच्या गजाला चिकटवायची. पट्टी सारखी हलत राहिली तर जागा बदलायची. दाराच्या फटीतून येणारा गार वाराही यात लगेच पकडला जातो.

रिमोटवर दिसतो तो एसीला लावून दिलेला आकडा, पिंजऱ्यात तेवढंच असेल असं नाही. माझ्या कॉकाटीलच्या (हा तुरेवाला छोटा पोपटच) पिंजऱ्याला बाहेरून, तो बसतो त्या दांडीच्या उंचीवर, छोटा थर्मामीटर अडकवलेला आहे. खोलीत २७ असताना काचेतून थेट ऊन आलं की तिथला आकडा बघता बघता ३५ च्या पुढे जातो. पक्षी पिंजऱ्यातून उठून दुसऱ्या खोलीत जाऊ शकत नाही. म्हणून ऊन द्यायचं असेल तेव्हा निम्मा पिंजरा सावलीत हवाच. कुठे बसायचं ते त्याला ठरवू द्या.

पोपटाच्या शरीराचं तापमान मुळातच ४० ते ४२ अंशांच्या आसपास असतं आणि त्याला घामाच्या ग्रंथी नसतात. आपल्याला पंख्याखाली गार वाटतं ते मुख्यतः घाम वाळतो म्हणून, त्यामुळे नुसत्या पंख्यावर विसंबून राहू नका. (पक्षी मोकळा असताना छताचा पंखा बंद, हे वेगळं सांगायला नको.) उष्णता तो धापा टाकून, पायांतून आणि चोचीतून बाहेर टाकतो. उकडायला लागलं की पिसं अंगाला चप्प बसतात, पंख बगलेपासून सुटे धरले जातात, चोच उघडी राहते. उडून आल्यावर मिनिटभर धाप लागणं वेगळं. बसल्या जागी धाप लागली असेल तर त्याला लगेच गार खोलीत न्या, पायांवर आणि पंखांखाली साधं पाणी लावा आणि पक्ष्यांच्या डॉक्टरांना फोन करा. बर्फ किंवा फ्रिजमधलं पाणी नको, त्याने कातडीतल्या रक्तवाहिन्या आकसतात आणि आतली उष्णता आतच राहते.

थंडीची खूण ओळखायला जास्त अवघड. पोपट फुगून बसतो, एक पाय पोटाशी घेतो, चोच पाठीच्या पिसांत खुपसतो. पण निवांत झोपतानाही तो हेच करतो! मी बघते ते वेळ आणि पाय. भर दिवसा, दोन्ही पायांवर, डोळे अर्धवट मिटून फुगून बसला असेल आणि दाण्याकडे बघतही नसेल, तर तो बहुतेक आजारी आहे. अशा पक्ष्याला २९-३० अंशांची ऊब द्यायची आणि त्याच दिवशी डॉक्टरांकडे न्यायचं. पक्षी आजार लपवतात. तो दिसायला लागेपर्यंत बराच उशीर झालेला असतो. पिसं उपटणाऱ्या पक्ष्यालाही जास्त ऊब लागते. अंड्यातून नुकत्याच निघालेल्या पिल्लाला तर ३५-३६ अंश लागतात.

आता हीटर. इथे मी तापमानापेक्षा धुराला जास्त घाबरते. काही हीटरच्या आतल्या भागांवर आणि काही हीट लॅम्पच्या बल्बवर टेफ्लॉनचा, म्हणजे पीटीएफईचा, थर असतो. तो जास्त तापला की निघणारा वायू पोपटाला काही मिनिटांत मारू शकतो, आणि आपल्याला तोवर वासही आलेला नसतो. पक्ष्यांची फुप्फुसं हवेतून प्राणवायू फार चांगला शोषतात, तसंच विषही. पिंजरा स्वयंपाकघराजवळ नको तो नॉनस्टिक तव्यामुळेच. हीटर घेण्याआधी त्यात पीटीएफई नाही, असं कंपनीकडून लेखी विचारून घ्या. कोळशाचा किंवा गॅसचा हीटर पक्ष्याच्या खोलीत अजिबात नको. आत तेल भरलेला विजेचा रेडिएटर त्यातल्या त्यात बरा. सिरॅमिक हीट एमिटर (बल्बसारखा बसवायचा, नुसती ऊब देणारा) लावायचा तर पिंजऱ्याच्या बाहेर, एका बाजूला, थर्मोस्टॅट (ठरवलेल्या तापमानाला तो आपोआप बंद-चालू करणारं उपकरण) जोडून, आणि वायर चोचीच्या टप्प्याबाहेर. तो उजेड पाडत नाही हा त्याचा मोठा गुण, कारण पोपटाला रोज १० ते १२ तास अंधारी झोप लागते. धट्टाकट्टा पक्षी असेल तर रात्री पिंजरा तीन बाजूंनी झाकला तरी बहुतेक वेळा पुरतं. चौथी बाजू हवेसाठी उघडी ठेवा.

एसी आणि हीटर दोन्ही हवा कोरडी करतात, त्याने पोपटाची कातडी खाजते. आर्द्रता ४० ते ६० टक्के असेल तर उत्तम. नाहीतर स्प्रेने साध्या पाण्याचा फवारा द्या, तोही सकाळीच, म्हणजे रात्रीपर्यंत पिसं मुळापासून वाळतात. हेअर ड्रायरने मात्र वाळवू नका, काही ड्रायरच्या आतही तेच टेफ्लॉन असतं.