गोठ्याची विचारपूस: फाईल, बोकडाचं वजन आणि कानातला बिल्ला

(पशुसंवर्धन खात्यात बत्तीस वर्षं काढून आता पुण्यात औंधला राहणारे आमचे पशुवैद्यक स्तंभलेखक वाचकांच्या पत्रांना उत्तरं देतात.)

प्रश्न: मी 26 वर्षांचा आहे. घरची तीन एकर जमीन आहे. 100 शेळ्या आणि 5 बोकडांचा फार्म काढायचाय. ओळखीतला एक जण म्हणतो, "नाबार्डचं 50 टक्के अनुदान बसवून देतो, फाईलचे 25 हजार होतील." त्यातले आठ हजार मी दिलेत. बाकीचे द्यावेत का?
– एक वाचक, शिरूर

उत्तर: देऊ नका. आठ हजार परत मागा, मिळतील असं मात्र धरून चालू नका.

नाबार्ड तुम्हाआम्हाला थेट कर्ज देत नाही, ती बँकांना पैसा पुरवते. तिच्यामार्फत पूर्वी डेअरी उद्योजकता योजनेचं अनुदान मिळायचं. खुल्या गटाला 25 टक्के, अनुसूचित जाती-जमातींना 33.33 टक्के. ती योजना बंद होऊन काही वर्षं झाली, पण एजंटांच्या फ्लेक्सवर ती अजून दूध देतेय.

तुमच्या कानावर आलेले 50 टक्के खरे आहेत, पण ते राष्ट्रीय पशुधन अभियानाचे. 2021-22 पासून त्यात उद्योजकतेचा भाग आला. 100 अधिक 5 च्या गटाला भांडवली खर्चाच्या निम्मं, जास्तीत जास्त 10 लाख. 500 अधिक 25 पर्यंत गेलात तर कमाल 50 लाख. अर्ज उद्यमीमित्र पोर्टलवर स्वतः भरता येतो. जमीन स्वतःची किंवा भाडेकराराची चालते, पण जमीन विकत घ्यायला अनुदान नाही. प्रशिक्षण किंवा अनुभवाचा पुरावा लागतो.

आता एजंट जे सांगत नाही ते. अनुदान आधी हातात पडत नाही. ते दोन हप्त्यांत येतं आणि कर्ज असेल तर कर्जखात्यात जमा होतं. आधी बँकेचं कर्ज सुटलं पाहिजे, किंवा स्वतःचा पैसा शेडमध्ये दिसला पाहिजे. मग तपासणी, मग पहिला हप्ता. प्रकल्प पुरा झाल्यावर पुन्हा तपासणी, मग दुसरा. मधल्या काळात शेळ्या खायच्या थांबत नाहीत. म्हणून एका कागदावर अनुदानाचा रकाना कोरा ठेवून हिशेब मांडा. तो तोट्यात जात असेल तर 100 चा नाद सोडा आणि 20 पासून सुरुवात करा.

आणि 105 जनावरं एकाच बाजारातून, एकाच दिवशी उचलू नका. ही चूक मी स्वतः केली आहे, तीही सरकारी खुर्चीत बसून. मार्चअखेर निधी खर्च करायचा होता. खरेदी समितीत माझी सही होती. एका आठवडी बाजारातून दोन लाभार्थ्यांचे दोन गट घेतले, 22 जनावरं. टेम्पोतून उतरवताना एक पाट, म्हणजे तरुण शेळी, सारखी शिंकत होती. प्रवासाची धूळ असेल म्हणून मी सोडून दिलं. आठव्या दिवशी तिच्या नाकाला घट्ट शेंबूड, हिरड्यांवर कोंड्यासारखा थर, मागनं पाण्यासारखी हगवण. पीपीआर, शेळ्या-मेंढ्यांचा जीवघेणा साथीचा रोग. महिन्याभरात 11 गेली. विमा होता, भरपाईही आली, पण त्यातल्या एका बाईंनी दुसरा गट घ्यायला हात जोडून नकार दिला. लसीला खर्च नव्हता, वेगळं बांधायला एक पडवी पुरली असती. तुम्ही पाच-सहा कळपांतून थोड्या थोड्या घ्या, शक्यतो गावातल्याच. आणलेलं जनावर तीन आठवडे वेगळं बांधा आणि पीपीआर, आंत्रविषार या रोगांच्या लसी टोचल्याशिवाय कळपात सोडू नका.

शेडबद्दल एकच. संगमनेरी शेळी आपल्या पुणे-नगर भागातलीच, उस्मानाबादीही इथे रुळलेली. दोघींना सिमेंटचा गुळगुळीत कोबा नको, मुरूम हवा. एजंटच्या नकाशात कोबा असतोच, कारण त्याने खर्च फुगतो.

प्रश्न: बचत गटाच्या कर्जातून घेतलेल्या सात शेळ्या आहेत. बोकड विकायला गेलं की खाटीक पाठीवरून हात फिरवून उक्ता भाव सांगतो. परवा 7,500 म्हणाला. नंतर कांद्याच्या काट्यावर टांगला तर 26 किलो भरला. मी फसले का? शिवाय आम्हाला सरकारी गट मिळेल का?
– एक ताई, भोर

उत्तर: ताई, टांगला हे फार बरं केलंत. आता पुढचं गणित घरीच करा. बोकडाच्या जिवंत वजनाच्या निम्म्याहून थोडं कमी मटण निघतं, म्हणजे 26 किलोत साधारण बारा. भोरमधल्या दुकानातला भाव तुम्हाला पाठ असेल, त्याला बाराने गुणा. त्यात मुंडी, पाय, वजडी मिळवा, खाटकाची मजुरी आणि नफा वजा करा. उरेल त्याच्या आसपास सौदा व्हायला हवा. हात फिरवून त्याला जे कळतं ते तुम्हालाही कळतं हे एकदा त्याला दिसलं की उक्ता शब्द निघत नाही.

मोठ्या बाजाराला जायचं तर चाकणला शनिवारी जा. सौदा करण्याआधी नुसतं बघायला दोनदा जा. तिथे अजूनही रुमालाखाली बोटं दाबून सौदे होतात. कोणतं बोट म्हणजे शंभर आणि कोणतं म्हणजे हजार, ते ओळखीच्या धनगराकडून आधी शिकून घ्या, नाहीतर रुमालाखाली हात देऊच नका. दात बघायलाही शिका. दुधाचे दात असलेलं 'आदत', दोन पक्के आलेलं 'दोनदाती'. बकरी ईदला वर्षाच्या पुढचं, अंगाने निर्दोष बोकड लागतं. कान फाटलेलं, शिंग मोडलेलं मागे पडतं. ही ईद दरवर्षी दहा-अकरा दिवस अलीकडे सरकते, 2026 मध्ये ती मे अखेरीस येते. करडं कधी जन्मतील ते त्यावरून मागे मोजा, गाभणकाळाचे पाच महिनेही धरा. आखाडात कोणतंही बोकड खपतं, श्रावण लागला की तेच दारात बांधून खायला घालावं लागतं.

गटाचं म्हणाल, तर राज्याच्या योजनेत 10 शेळ्या आणि 1 बोकड असतो. खुल्या गटाला 50 टक्के, अनुसूचित जाती-जमातींना 75 टक्के अनुदान. अर्ज खात्याच्या महाबीएमएस संकेतस्थळावर. महिलांना 30 टक्के आरक्षण आहे, तेव्हा अर्ज तुमच्याच नावे भरा, यजमानांच्या नको. धनगर समाजासाठी 20 मेंढ्या आणि 1 नराची महामेष योजना वेगळी. पेंड-औषधाला पैसे हवेत तर बँकेत पशुपालनाचं किसान क्रेडिट कार्ड मागा. 2 लाखांपर्यंत, वेळेत फेडलं तर व्याज 4 टक्के पडतं. शाखेत "ते फक्त पिकाला" असं सांगतील. "पशुपालनालाही असतं, अर्ज लेखी घ्या आणि पोच द्या," एवढंच म्हणा.

प्रश्न: 2024 चं गाईच्या दुधाचं अनुदान गावात सगळ्यांना आलं, माझ्या दोन गाईंचं आलं, तिसरीचं नाही. ती गाय बाजारातून घेतली होती.
– एक वाचक, इंदापूर

उत्तर: उत्तर तुमच्या शेवटच्या वाक्यात आहे. ते अनुदान आधी लिटरला 5, मग ऑक्टोबर 2024 पासून 7 रुपये होतं आणि कानातल्या 12 आकडी बिल्ल्याच्या नोंदीवर बेतलेलं होतं. तुमच्या गाईचा बिल्ला बहुधा अजून जुन्या मालकाच्या नावावर असेल. दुधाचा पगार तुम्हाला येतो, पण भारत पशुधन या जनावरांच्या सरकारी नोंदणीत गाय त्याची आहे. दवाखान्यात बिल्ल्याचा नंबर, तुमचं आधार आणि खरेदीची पावती घेऊन जा, नाव बदलून घ्या. मागचं मिळेल अशी आशा मी लावत नाही. पण उद्या विमा किंवा साथीतली भरपाई आली तर हाच नंबर विचारतील. 2022 च्या लम्पीत गाईला 30 हजार होते. आणि नवं जनावर घेताना पैसे मोजायच्या आधी कान उलटा करून तो नंबर वहीत लिहून घ्या. बिल्ला नसेल तर 1 जून 2024 पासून राज्यातल्या बाजारात त्याचा व्यवहारच होऊ नये असा नियम आहे.

प्रश्न: रात्री गाय अडली तर डॉक्टर कुठे मिळतो?
– एक वाचक, वेल्हे

उत्तर: 1962 फिरवा, फिरत्या पथकाचा नंबर आहे, फोनला पैसे पडत नाहीत. रात्री गाडी येईलच असं धरू नका. गाभण गाईचे दिवस भरत आले की जवळच्या दवाखान्यातल्या डॉक्टरांचा मोबाईल नंबर आधीच घेऊन ठेवा. पाणमोट फुटून दोन तास झाले आणि पाय दिसत नसले तर स्वतः हात घालून ओढू नका.