समुद्र वाजवतो ते गाव दीड तासात उरकतं का?

प्रश्न: मे महिन्यात आम्ही क्रोएशियाला जातोय, मी, नवरा, सातवीतली मुलगी आणि सासू-सासरे. ग्रुप टूर आहे आणि त्यात झादरला फक्त दीड तास दिलाय, तोही भर दुपारी, प्लिटवित्से तलावांवरून स्प्लिटला जाताना. तिथे लाटांवर वाजणारा ऑर्गन आहे ना, मुलीने त्याचं रील बघितलंय आणि तेव्हापासून तेच घेऊन बसलीये. तो खरंच वाजतो की रीलमध्ये मागून म्युझिक टाकलंय? तिथे एक रात्र राहण्यासारखं आहे का? सासूबाईंचे गुडघे दुखतात म्हणून जरा काळजी वाटते.
– एक वाचक, मुलुंड

उत्तर: वाजतो, अगदी खरा वाजतो, वीज नाही, स्पीकर नाही, काही नाही. पण रील बघून जाणाऱ्यांचा अर्ध्या वेळा विरस होतो तो का होतो ते आधी सांगते.

झादरचं जुनं गाव म्हणजे समुद्रात घुसलेली एक चिंचोळी पट्टी. तिच्या पश्चिम टोकाला साधारण 70 मीटर लांबीच्या दगडी पायऱ्या पाण्यात उतरतात. वरून बघितलं तर नुसता घाट, गंमत सगळी पोटात आहे. आत 35 पाइप बसवलेत, कमीजास्त लांबीचे, कमीजास्त जाडीचे. त्यांचं एक तोंड पाण्यात, दुसऱ्या टोकाला ऑर्गनच्या नळीला असते तशी शिट्टी. लाट आत शिरली की पाइपातली हवा वर ढकलली जाते, शिट्टी वाजते आणि सूर वरच्या दगडातल्या खाचांतून आणि भोकांतून बाहेर येतो. पाच-पाच पाइपांचे सात गट आहेत, त्यामुळे घाटाच्या या टोकाकडून त्या टोकाकडे चालत गेलात की स्वर बदलत जातात. निकोला बाशिच या आर्किटेक्टने हे केलं, 2005 मध्ये खुलं झालं आणि 2006 मध्ये त्याला सार्वजनिक जागांसाठीचा युरोपियन पुरस्कार मिळाला.

आता विरस का होतो, तर लोक गाणं ऐकायला जातात. संगीत नाटकातल्या पायपेटीसारखं काहीतरी सुरेल सलग ऐकू येईल या हिशोबाने गेलात तर पाच मिनिटांत कंटाळाल, कारण समुद्राला ना मुखडा ना अंतरा. सूर येतात, लांबतात, मध्येच दोन-तीन एकदम येतात, मग काहीच नाही. ते सगळं त्या दिवशीच्या पाण्यावर असतं. जमिनीकडून बुरा नावाचा वारा सुटला तर या बाजूचं पाणी बऱ्यापैकी शांत राहू शकतं, दक्षिणेकडून युगो आला तर लाटा उठतात आणि ऑर्गनही जोरात. पाणी निवांत असेल तर समोरून एखादी फेरीबोट किंवा मोठी बोट जाईपर्यंत थांबायचं. बोट पुढे निघून जाते, आपल्याला वाटतं काही झालंच नाही, आणि मग तिच्या लाटा सावकाश घाटाला येऊन लागतात तसे एकेक सूर उठत जातात. त्या वेळी मुलीला दगडातल्या भोकावर तळहात ठेवायला सांगा, आतून हवेचा झोत हाताला लागतो. माझ्या मते हे ऐकण्याइतकंच, किंबहुना जास्तच भारी आहे, आणि ते कुठल्याच रीलमध्ये येत नाही.

म्हणून दीड तास पुरत नाही. त्यातला अर्धा तास बसमधून उतरणं, बाथरूम शोधणं आणि माणसांची मोजणी यात जातो हे ग्रुप टूर केलेल्या कुणालाही माहितीये. शिवाय दुपारी दगड तापलेले, गर्दीचा कलकलाट, सूर ऐकू येणार कसे? खरी वेळ सूर्यास्ताची (मे अखेरीस तिथे साडेआठच्या आसपास मावळतो), आणि त्याहून खरी वेळ सूर्यास्त बघून लोक जेवायला पांगल्यानंतरची. तिथला सूर्यास्त जगात सगळ्यात सुंदर असं सिनेदिग्दर्शक हिचकॉक 1964 मध्ये म्हणून गेला असं तुमचा गाइड सांगेलच, ते गावाने इतक्या वर्षांत पुरेपूर वापरलंय. अंधार पडला की शेजारी त्याच बाशिचने 2008 मध्ये केलेलं दुसरं काम उजळतं, 22 मीटर व्यासाचं गोल, जमिनीत बसवलेल्या 300 काचा, खाली सोलर सेल, दिवसभर साठवलेल्या उन्हावर रात्री रंगीत दिवे. सातवीतली मुलगी तिथून हलणार नाही, तयारी ठेवा.

तेव्हा टूर कंपनीला आत्ताच विचारा की आम्ही झादरला उतरून दुसऱ्या दिवशी स्प्लिटला ग्रुपला भेटलो तर चालेल का. बसने तीनेक तासांचं अंतर आहे. पैसे परत मिळणार नाहीत हे धरून चाला, पण हॉटेल जुन्या गावातच घ्या. बस स्टँड गावाबाहेर आहे, तिथून सामानासकट सासूबाईंना चालवू नका, टॅक्सी करा. एकदा आत गेलात की सगळं सपाट आणि पायी. गुडघ्यांचं म्हणाल तर वरच्या पायरीवर बसूनही तेवढंच ऐकू येतं, खाली उतरायची गरज नाही. पाण्यालगतच्या पायऱ्यांवर शेवाळ असतं, धरायला कठडा नाही, तिथे सासऱ्यांनाही जाऊ देऊ नका, त्यांना उत्साह असला तरी.

सकाळी दोन तास सेंट डोनाटच्या चर्चला द्या. नवव्या शतकातलं, गोल, आणि पायाभरणीत चक्क रोमन फोरमचे, म्हणजे रोमन काळातल्या मुख्य चौकाचे, दगड आणि खांबांचे तुकडे टाकलेत, बाहेरून दिसतात. समोरच फोरम, त्यात एक रोमन खांब उभा आहे ज्याला पुढे कित्येक शतकं गुन्हेगारांना साखळीने बांधून लोकांसमोर उभं करायचे. बाकी किनाऱ्यालगत काँक्रीटच्या इमारती बघून हे कसलं ऐतिहासिक शहर असं वाटेल, तर दुसऱ्या महायुद्धात दोस्त राष्ट्रांच्या बॉम्बहल्ल्यात हे गाव उद्ध्वस्त झालं होतं, त्यानंतर किनारा घाईत बांधला. ऑर्गनमुळे लोक पुन्हा त्या टोकाला बसायला लागले.

प्रश्न: आम्ही शुद्ध शाकाहारी. उपाशी राहू का? आणि क्रोएशियाचा व्हिसा वेगळा लागतो का?
– एक वाचक, गोरेगाव

उत्तर: उपाशी नाही, कंटाळाल. पिझ्झा, पास्ता, चीज घातलेला बुरेक (पापुद्र्यांची पेस्ट्री), आणि ब्लितवा म्हणजे बटाटा घातलेली पालेभाजी, लसूण आणि ऑलिव्ह ऑइलवरची, ती आपल्याला आवडते. माशाबरोबर देतात म्हणून वेगळी मागा. काळा भात दिसला तर लांब राहा, तो माकूलच्या शाईचा असतो. ठेपले, चटण्या न्या, पण तूप, पेढे, श्रीखंडाच्या वड्या नकोत, दुधाचे पदार्थ युरोपियन युनियनमध्ये नेता येत नाहीत. व्हिसा वेगळा नाही, 1 जानेवारी 2023 पासून क्रोएशिया शेंगेनमध्ये, म्हणजे एकाच व्हिसावर फिरता येणाऱ्या युरोपीय देशांच्या गटात, आहे आणि त्याच दिवसापासून युरो चालतो, जुने व्हिडिओ बघून कुना हे जुनं चलन शोधत बसू नका.

प्रश्न: मी इंजिनियरिंगला आहे. पावसाळ्यात मरीन ड्राइव्हला एवढ्या लाटा आपटतात, मग आपल्याकडे असा ऑर्गन का नाही? प्रोजेक्टला घेऊ का?
– एक विद्यार्थी, गिरगाव

उत्तर: घे, पण मरीन ड्राइव्ह नको. पहिली अडचण लाटांची नाही, भरती-ओहोटीची आहे. झादरला पाण्याची पातळी फार खाली-वर होत नाही, म्हणून पाइपाचं तोंड कायम बरोबर जागी राहतं. आपल्याकडे मोठ्या भरतीला पाणी साडेचार मीटरच्या वर चढतं. तोंड वर ठेवलं तर ओहोटीला पाइप तासन्‌तास कोरडे, खाली ठेवलं तर भरतीला शिट्टीसकट पाण्यात. दुसरं, मरीन ड्राइव्हचे टेट्रापॉड, म्हणजे ते चार पायांचे काँक्रीटचे ठोकळे, लाट मोडायलाच टाकलेत, आणि ऑर्गनला लाट अखंड हवी. तिसरं तुला माहितीच आहे, भरतीला समुद्र आपला कचरा आपल्याला परत देतो, पहिल्याच पावसाळ्यात पाइपांत प्लास्टिक आणि गाळ. आणि हे सगळं सोडवलंस तरी मागच्या ट्रॅफिकचं काय करणार, शिट्ट्या तिथे आधीच भरपूर वाजतायत.

पण जिथे पाणी खूप चढतं-उतरतं तिथेही लोकांनी हे केलंय. इंग्लंडमध्ये ब्लॅकपूलला 2002 मध्ये 15 मीटर उंचीचा ऑर्गन उभा केला, तो सरळ भरतीच्या आसपासच वाजेल, बाकी वेळ गप्प, असाच बांधला. सॅन फ्रान्सिस्कोचा 1986 चा, झादरच्याही आधीचा, तोही भरतीलाच चांगला ऐकू येतो. तू तोच धागा धर: वेगवेगळ्या उंचीवर पाइपांची तोंडं, म्हणजे पाणी चढेल तसा एकेक गट बोलेल. आधी लॅबमध्ये टाकीत एक पीव्हीसी पाइप उभा करून लाट किती उंच असली की शिट्टी धरते ते मोज, मग भरतीचं वेळापत्रक घेऊन दिवसाला किती तास वाजेल ते काढ, प्रोजेक्ट गाइडला हे आकडे दाखवलेस तर विषय नाकारणार नाही. आणि पावसाळ्यात टेट्रापॉडवर उतरून ट्रायल घ्यायची नाही, त्यासाठी पोलीस हाकलतील ते बरोबरच आहे.