'अ‍ॅनिमेशन दिग्दर्शक' म्हणजे नेमकं कोण?

प्रश्न असा आहे: 'होतारु नो हाका' ('ग्रेव्ह ऑफ द फायरफ्लाइज') या १९८८च्या जपानी अ‍ॅनिमेशनपटाबद्दल वाचताना एकीकडे दिग्दर्शक म्हणून इसाओ ताकाहाता यांचं नाव दिसतं, तर दुसरीकडे 'अ‍ॅनिमेशन दिग्दर्शक' म्हणून योशिफुमी कोंदो यांचं. मग चित्रपट कोणाचा?

चित्रपट ताकाहातांचाच. पटकथाही त्यांची. कोंदो तिथे 'साकुगा कान्तोकु' होते; 'अ‍ॅनिमेशन दिग्दर्शक' हे त्याचंच भाषांतर. 'साकुगा' म्हणजे चित्र काढणं. 'कान्तोकु'मध्ये आपल्या 'दिग्दर्शक'सारखी दिशा नाही, देखरेख आहे. म्हणूनच जपानीत बेसबॉल संघाचा प्रमुखही कान्तोकु आणि बांधकामावर उभं राहून लक्ष ठेवणाराही 'गेम्बा कान्तोकु'.

या माणसाचं काम डोळ्यांसमोर आणा. एकच मुलगी दहा जणांनी रेखाटली की दहा मुली होतात. कोणाच्या हातून डोळे जरा मोठे उतरतात, कोणाच्या हातून हनुवटी टोकदार. साकुगा कान्तोकु त्या चित्रावर दुसरा पातळ कागद ठेवतो, खालून उजेड असतो, आणि चुकलेली रेष वरच्या कागदावर पुन्हा काढतो. नजर कशी हवी, मान किती झुकायला हवी, हे तो बोलून नाही, काढून दाखवतो. ताकाहाता मात्र स्वतः चित्रं काढत नसत. त्यामुळे या जोडीत पेन्सिल कोणाची आणि चित्रपट कोणाचा, हा फरक फारच स्पष्ट दिसतो.

आता मराठीचं. 'नृत्यदिग्दर्शक', 'कला दिग्दर्शक' हे शब्द आपण बिनदिक्कत वापरतो, मग 'अ‍ॅनिमेशन दिग्दर्शक' का नको? कारण नृत्य हा चित्रपटाचा एक भाग असतो, तर इथे अख्खा चित्रपटच अ‍ॅनिमेशनचा. वाचणारा 'अ‍ॅनिमेशनपटाचा दिग्दर्शक' असाच अर्थ घेणार. माझ्या मते खोट 'दिग्दर्शक'मध्ये नाहीच, 'अ‍ॅनिमेशन'मध्ये आहे. जपानीतही कला दिग्दर्शकाला 'बिजुत्सु कान्तोकु' म्हणतात, म्हणजे घडण आपल्यासारखीच. तेव्हा पहिला शब्द बदला: 'रेखाटन-दिग्दर्शक'. 'पर्यवेक्षक' मला पटत नाही. त्या शब्दात परीक्षेच्या वर्गात फेऱ्या मारणारा माणूस दिसतो, हातात पेन्सिल धरलेला नाही.

चित्रपटाच्या मुख्य दिग्दर्शकाला जपानीत नुसतं 'कान्तोकु' म्हणतात; त्याला 'दिग्दर्शक'च राहू द्यावं. कोंदोंसाठी तर हा भेद पाळायलाच हवा. १९७९च्या 'आकागे नो अ‍ॅन' या मालिकेतही ते ताकाहातांचे रेखाटन-दिग्दर्शकच होते. पूर्ण लांबीचा चित्रपट दिग्दर्शक म्हणून त्यांना मिळाला तो १९९५मध्ये, 'मिमी ओ सुमासेबा'. जानेवारी १९९८मध्ये, वयाच्या ४७व्या वर्षी ते गेले. तो एकच चित्रपट त्यांच्या नावावर आहे.